जुनी झूम घेताना अडॅप्टरकडेही बघा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मॅन्युअल लेन्सवरचा लेख आवडला. पण 50 मिमीची साधी लेन्स घेताना काय तपासावं म्हणून जे सांगितलं, तेच लेखकाने शेवटी एका ओळीत झूमलाही लावून टाकलं. हे मला पटलं नाही, म्हणून हे पत्र. मी मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर 70-210 मिमीची जुनी, पुढे-मागे सरकवायची झूम नेमाने वापरतो आणि तिच्या खोड्या मला पाठ आहेत.

बुरशी, ओरखडे, ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या, पात्यांवरचं तेल, हे सगळं लेखात आलंच आहे. त्यात एवढीच भर घालतो की बारीक ओरखड्याने सहसा काही बिघडत नाही. आतल्या काचांवर धुरकटपणा असेल तर मात्र फोटो फिका पडतो आणि तो टॉर्च मागून मारल्याशिवाय दिसत नाही. झूममध्ये काचा जास्त, त्यामुळे हा धोकाही जास्त.

खरी गोम अडॅप्टरमध्ये, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यात आहे. माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा. निकॉनच्या एफ माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर 46.5 मिमी, सोनीच्या ई माउंटपासून सेन्सरपर्यंतचं 18 मिमी. मधले 28.5 मिमी अडॅप्टरने भरून काढायचे. स्वस्तातले बरेच अडॅप्टर मुद्दामच किंचित आखूड असतात, म्हणजे दूरचं फोकस नक्की लागतं. 50 मिमीच्या लेन्सला याने काही होत नाही, रिंग थोडी आधी थांबवली की झालं. झूमला होतं. जुन्या चांगल्या झूमचं मोठं सुख म्हणजे 210 ला फोकस लावा, 70 ला या, फोकस हलत नाही. पण यातल्या बहुतेकांत फोकस पुढच्या काचा फिरवून लागतो आणि तिथे अडॅप्टरच्या आखूडपणाची 210 ला केलेली भरपाई 70 ला जेमतेम एक-नवमांश उरते. अडॅप्टर 0.1 मिमीने आखूड असला तरी 70 चा फोटो मऊ येतो आणि माणूस लेन्सला शिव्या घालतो. विकणाराही म्हणतो, ‘जुनी आहे, असंच चालायचं.’ नाही चालायचं! कॅमेरा स्टँडवर ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडा, 210 ला दूरच्या एखाद्या पाटीवर स्क्रीनवरचं चित्र मोठं करून फोकस लावा, 70 ला आणा आणि पुन्हा मोठं करून बघा. सरकवताना तीच रिंग फिरू देऊ नका, एका रिंगच्या झूममध्ये हमखास तिथेच फसगत होते. 70 ला पाटी धूसर दिसली तर आधी दुसरा अडॅप्टर लावून बघा, मगच लेन्सला नावं ठेवा.

दुसरी गोष्ट स्टॅबिलायझेशनची, म्हणजे हात हलला तरी कॅमेरा सेन्सर हलवून फोटो स्थिर ठेवतो त्याची. लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही, त्यामुळे फोकल लेंग्थ (70, 210 हा आकडा) मेनूत आपणच भरायची. मेनूत 210 आणि लेन्स 70 वर असेल तर सेन्सर गरजेपेक्षा कितीतरी जास्त हलतो आणि स्थिर हाताचा फोटोही हलवून ठेवतो. दर वेळी आकडा बदलायचा कंटाळा असेल तर 70 भरून ठेवा. 210 ला मदत कमी मिळेल, पण नुकसान होणार नाही.

कोणती घ्यावी? माझं मत विचाराल तर जुन्यातली टेलिझूम, म्हणजे दूरचं जवळ आणणारी झूम घ्यावी, छोट्या झूमच्या वाटेला जाऊ नये. निकॉनची 1963 ची 43-86 सुरुवातीच्या रूपात सरळ रेषा वाकवण्याबद्दल बदनाम होती. त्याच कंपनीच्या 1969 च्या 80-200 चं नाव आजही लोक आदराने घेतात. विव्हिटार सीरीज 1 ची 70-210 घेणाऱ्यांनी तर लेन्सवरचा सीरियल क्रमांक बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. 22 ने सुरू होणारी किनो कंपनीने बनवलेली, 37 ची टोकिनाने, 28 ची कोमिनेने. पहिल्या दोघींचं पूर्ण उघडं ॲपर्चर f/3.5, तिसरीचं f/2.8-4. नाव एकच, पण लेन्स तीन वेगळ्या.

लेन्स हातात आली की पुढची काच खाली करून धरा. नळी आपोआप घसरली तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त स्टँडवर खाली किंवा वर रोखून काम करायचं असेल तर ती नको. रिंग मात्र आडवी डुगडुगत असेल तर सरळ परत करा.

एक विनंती. लेखातले झूमचे फोटो सुरेख होते, पण खाली फक्त लेन्सचं नाव होतं. अशा लेन्सची माहिती फोटोच्या फाईलमध्ये आपोआप येत नाही, म्हणून पुढच्या वेळी फोटोखाली फोकल लेंग्थ, ॲपर्चर आणि कोणता अडॅप्टर लावला होता एवढं छापावं.

आपला,
एक नियमित वाचक