घड्याळवाल्या काकांस, एका कॅमेऱ्याबद्दल

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुम्ही दुरुस्त करून दिलेल्या कॅमेऱ्याचा पहिला रोल धुऊन आला. एकही फोटो पांढराफटक नाही. भर उन्हात काढलेल्या घाटावरच्या फोटोत पायऱ्यांच्या चिरा मोजता येतात, आणि त्याच घाटाचा मागच्या रोलमधला फोटो म्हणजे नुसती धुलाई पावडरची जाहिरात होती.

हे पत्र असं उघड लिहितेय, कारण दुकानात समोर उभं राहून आभार मानले की तुम्ही "बरं बरं, पट्टा बदलायचाय का?" म्हणून विषयच बदलता. शिवाय असे कॅमेरे अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडून असणार. त्यांच्या मालकांनाही हे वाचून काहीतरी हाती लागेल.

तर वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. कॅमेरा ऑलिंपस ट्रिप 35. माझी आत्या इंग्लंडमध्ये नर्स होती, तिने तिकडून आणलेला. मूळ जपानी, 1967 साली बाजारात आलेला. ब्रिटनमध्ये तो फार खपला. 1970च्या दशकात तिकडे टीव्हीवर डेव्हिड बेली या नामांकित फोटोग्राफरला घेऊन त्याच्या जाहिराती चालायच्या. आता जुने कॅमेरे जमवणारे लोक तो शोधत असतात. दुर्मीळ म्हणून नव्हे, दुर्मीळ तो मुळीच नाही. खिशात मावतो, भिंग चांगलं आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही, म्हणून.

या बॅटरीवरूनच सगळा घोळ झाला होता. तुमच्याकडे यायच्या आधी मी तो एका कॅमेऱ्याच्या दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने तो चारी बाजूंनी फिरवला, बॅटरीचं झाकण शोधलं, ते सापडेना, तेव्हा "झाकण जाम झालंय, आतला बोर्ड गेला असणार" असं सांगून मोकळा झाला. बोर्ड! यात सर्किट बोर्ड नावाची वस्तूच नाही.

तुम्हीही हा कॅमेरा पहिल्यांदाच हातात घेत होतात, आणि ते तुम्ही आधीच सांगून टाकलंत. मग बराच वेळ काही न उघडता नुसता बघत बसलात. भिंगाभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खडबडीत काच आहे, तिच्यावर बोट फिरवलंत. मी म्हटलं, त्याच्या मागे सेलेनियम आहे, उजेड पडला की वीज तयार करतं. "किती?" तुम्ही विचारलंत. फार नाही, एक काटा हलेल इतकीच. "म्हणजे आत मीटर आहे," तुम्ही म्हणालात आणि स्टूल पुढे ओढलंत. मला तिथेच हायसं वाटलं.

पुढचं तुम्ही मला त्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने काढून दाखवलंत. कागद मी जपून ठेवलाय. उजेड जितका जास्त, तितका काटा पुढे सरकतो. बटण दाबायला लागलं की आधी एक पायऱ्या पाडलेली पट्टी वर येते आणि काटा जिथे असेल तिथेच त्याला चिमटीत धरते. पट्टी काट्याला अडेपर्यंत किती सरकली, त्यावरून भिंगामागची दोन पाती किती मिटायची ते ठरतं. शटरचे वेग दोनच: उजेड कमी असेल तर 1/40 सेकंद, चांगला असेल तर 1/200. बस. उजेड फारच कमी असला की काटा जागचा हलत नाही, मग बघायच्या खिडकीत लाल झेंडी वर येते आणि बटण खाली जातच नाही. हल्लीचे कॅमेरे अंधारातही काहीतरी काढून देतात. हा सरळ नाही म्हणतो.

ही युक्ती कंपनीची जुनीच. 1961च्या पेन ईई या अर्ध्या फ्रेमच्या (एका फोटोच्या जागेत दोन काढणाऱ्या) कॅमेऱ्यात ती आधी आली, ट्रिपमध्ये ती पूर्ण 35 मिलिमीटर फ्रेमला जोडली. पण सेलेनियम भिंगाभोवतीच ठेवण्यातली खुबी माझ्या लक्षात आली नव्हती, ती तुम्ही झाकण लावून-काढून दाखवलीत. अशा कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे भिंगावर झाकण तसंच राहिलं तरी कळत नाही आणि अख्खा रोल काळा जातो. इथे झाकण लावलं की सेलेनियमही झाकलं जातं, झेंडी वर येते, बटण अडतं. भिंगावर रंगीत फिल्टर चढवला तरी तो सेलेनियमच्या वर येतो, म्हणजे हिशेब आपोआप जुळतो. "हे डोकं लावलंय हां कुणीतरी," असं तुम्ही तेव्हा म्हणालात. तुमच्या तोंडून इतर कुठल्या यंत्राचं एवढं कौतुक मी ऐकलेलं नाही, आणि दुकानात स्विस घड्याळंही येतात.

झेंडी ठीक, काटा ठीक, मग फोटो पांढरे का? तुम्ही कॅमेरा उन्हाकडे धरून बटण हळूच दाबलंत आणि समोरून भिंगात बघितलंत. पाती मिटायला हवी होती, छोटं चौकटच्या पत्त्यासारखं भोक दिसायला हवं होतं. ती सताड उघडी होती. कुठलंसं तेल पसरून चिकटली होती. काटा सांगत होता, पट्टी ऐकत होती, पाती हलत नव्हती.

त्यानंतरचं काम मी श्वास रोखून बघितलं. फोकसच्या रिंगच्या कडेला तीन अगदी बारीक स्क्रू आहेत. ते सैल करण्याआधी तुम्ही रिंग डोंगराच्या चित्रावर नेलीत आणि सुईने एक हलकी खूण केलीत. (या कॅमेऱ्यात अंतराचे आकडे बघायला लागत नाहीत. एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर, अशी चित्रं आहेत.) पुढचं भिंग फिरतं तसा फोकस बदलतो, म्हणून ते परत नेमकं त्याच जागी बसलं नाही तर लांबचं कधीच स्वच्छ येणार नाही, हे मला नंतर कळलं. तुम्हाला न सांगता कळलं होतं. मग घड्याळं धुवायच्या पेट्रोलचा एक थेंब कापसाच्या टोकावर, पात्यांवरून फिरवायचं, बटण दाबायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा. घाई नाही. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना तुम्ही तोंडानेच वाटेला लावलंत.

मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम विरघळून डांबर झाला होता. त्यातून उजेड आत शिरतो. तो तुम्ही काडीने खरवडलात आणि त्याजागी काळी लोकर दाबून बसवलीत. ती लोकर काकूंच्या विणकामातली, तेव्हा त्यांचेही आभार.

आता तुमचा प्रश्न. "हा कुठल्या सालचा?" असं तुम्ही विचारलं होतंत आणि मला सांगता आलं नव्हतं. आत्यालाही आठवेना. उत्तर कॅमेऱ्यातच होतं. मागच्या दाराला आतून फिल्म दाबून धरणारी पट्टी असते. तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत शिक्का आहे: पहिलं अक्षर कारखान्याचं, मग सालाचा शेवटचा आकडा, मग महिना. महिन्यांना 1 ते 9 आकडे, ऑक्टोबरपासून पुढे एक्स, वाय, झेड. आपल्यावर 3 आणि एक्स आहे. म्हणजे ऑक्टोबर, पण 1973 की 1983? ते बटणावरून सुटलं. आपल्या कॅमेऱ्याचं बटण चकचकीत धातूचं आहे, आणि 1970च्या दशकाच्या अखेरीपासून ते काळ्या प्लास्टिकचं येऊ लागलं. तेव्हा 1973. आत्या म्हणते, बरोबर, ती त्याच्या पुढच्याच वर्षी परत आली.

ज्यांच्या घरी असा कॅमेरा असेल त्यांनी एवढंच करून बघा. भिंगावरची ए (म्हणजे ऑटो) लिहिलेली रिंग ए वर ठेवा, मागचं दातेरी चाक अंगठ्याने अडेपर्यंत फिरवा, भिंग तळहाताने झाकून बटण दाबा. झेंडी यायला हवी. मग तेच उन्हात, तिथे येता कामा नये. उन्हातही झेंडी आली तर सेलेनियम संपलं असेल किंवा काटा अडकला असेल. आत्याने झाकण कधी हरवू दिलं नाही, त्यामुळे आमचं टिकलं, असं तुमचं मत. मला ते पटलंय.

पैशांचं काय बोलायचं. इतक्या कामाचे तुम्ही पट्ट्याच्या किमतीएवढे घेतलेत, तेही मी हट्ट धरला म्हणून. बदल्यात प्रिंट्स मागितल्यात. त्या काढून ठेवल्या आहेत, तुमचा डोळ्याला भिंग लावलेला फोटोही आहे. तो दुकानात ट्यूबलाइटखाली निघेना, झेंडी येत राहिली, म्हणून तुम्हाला दारात उभं केलं होतं, आठवतंय ना?

आत्याला तुम्हाला भेटायचंय. तिचं चावीचं घड्याळ मागे पडतंय, तेही घेऊन येईल. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा मंगळवारी संध्याकाळी येतो.

आपली,
ट्रिपवाली