मालकी कुणाची?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. प्रोग्रॅमिंगसाठी पायथॉन हाताला बसलेलं असताना मी रस्ट या भाषेकडे का वळलो, असं तू विचारलं होतंस. आमच्या चौघांच्या गटाने प्रोजेक्टसाठी तीच भाषा ठरवली, एवढंच त्याचं कारण. लॉग फायली, म्हणजे प्रोग्रॅम चालताना होणाऱ्या नोंदी, वाचून कोणती एरर किती वेळा आली ते मोजणारं एक छोटं टूल आम्ही लिहितोय. सुरुवातीला रस्ट आमच्यापैकी एकीलाच येत होतं.

पहिला आठवडा कंपायलरशी, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रॅमशी, झटापट करण्यात गेला. पायथॉनमध्ये एकाच लिस्टला दोन नावं दिली तरी दोन्ही चालतात. रस्टमध्ये स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, दुसऱ्या व्हेरिएबलला (दुसऱ्या नावाला) दिली की तिची मालकीच तिकडे जाते. मग जुनं नाव वापरलं की इ०३८२ ही एरर ठरलेली. मी सरळ क्लोन लावायचो, म्हणजे वेगळी प्रत काढायचो. कोड चालायचा आणि मला वाटायचं, जमलं की!

पण कोड रिव्ह्यूत मैत्रिणीने विचारलं, "या फंक्शनला ओळ नुसती वाचायचीय ना? मग मालकी कशाला मागतोस?" आम्ही दोघं शेजारी बसलो आणि माझ्या प्रत्येक क्लोनला तोच प्रश्न विचारत गेलो. अकरांपैकी नऊ गळाले, तिथे मालकी न घेता नुसतं वाचू देणारा रेफरन्स पुरत होता. उरलेले दोन खरोखर लागणारे होते, कारण शब्दागणिक मोजणी ठेवणाऱ्या हॅशमॅपला ते शब्द स्वतःजवळ ठेवायचे होते. एकट्याने शिकत असतो तर मी त्या अकरांवरच समाधान मानलं असतं, हे मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरा प्रसंग तुला नक्की आवडेल. यादीवर लूप फिरत असतानाच मी तिच्यातल्या नको त्या नोंदी काढत होतो. पायथॉनमध्ये असं केलं की काही नोंदी गुपचूप तपासायच्या राहून जातात. याच चुकीपायी मी पूर्वी दोन रात्री घालवल्या आहेत. रस्टने कोड कंपाइलच होऊ दिला नाही. एक जण वाचत असताना दुसऱ्याने बदल करायचा नाही, हा तिथला नियम. शेवटी हव्या त्याच नोंदी ठेवणाऱ्या रिटेन या फंक्शनने एका ओळीत काम झालं.

ग्रेडन होअर यांनी ही भाषा २००६ साली स्वतःच्या हौसेने सुरू केली, पुढे मोझिलाने तिला पाठबळ दिलं आणि २०१५ च्या मे महिन्यात १.० आवृत्ती आली. मेमरी आवरायला गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) ठेवायचा नाही आणि सी किंवा सी++ सारखी प्रोग्रॅमरच्या भरवशावरही सोडायची नाही, असा तिचा पवित्रा आहे. हे कळल्यावर मालकीचे नियम मला जाच वाटेनासे झाले.

लाइफटाइम, म्हणजे कोणता रेफरन्स कुठवर वैध आहे ते सांगणाऱ्या खुणा, मात्र अजून उमगत नाहीत. स्ट्रक्टमध्ये, म्हणजे अनेक मूल्यं एकत्र बांधणाऱ्या रचनेत, रेफरन्स ठेवला की मी अडकतोच. तू इतकी वर्षं सी++ लिहितोस. मेमरीतला पत्ता धरणारा कोणता पॉइंटर कुठवर जिवंत आहे, याचा हिशेब तू डोक्यात कसा ठेवतोस? सविस्तर लिही. आमचा कोडही सोबत पाठवतोय, त्यातलं पार्सिंगचं, म्हणजे ओळींमधून माहिती वेगळी काढण्याचं, मोड्यूल माझं आहे. सवडीने वाच आणि भीड न ठेवता सांग.

तुझाच,
मित्र