शेणातला राजा

हेल, कॉर्नवॉल
३० मे

ती. आई आणि अण्णांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर चिमीने तुम्हाला “आम्ही पेंग्विन, गाढव आणि राजा बघितला” असं सांगितलं आणि माझ्या हातात यायच्या आत फोन बंद केला. मग अण्णांचा मेसेज आला, “कुठला राजा?” एवढाच. त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही. बाहेर भुरभुर लागली आहे, चिमी आणि तिचे बाबा दोघंही गाढ झोपलेत, म्हणून पत्रच लिहायला बसले.

इथे शाळांना मे महिन्याच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते. या वेळी लांब जायचं ठरवलं, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला. रेडिंगला गाडीत बसायचं आणि न बदलता हेलला उतरायचं, पाच तासांच्या आतबाहेर. डॉलिशजवळ रूळ समुद्राला इतके खेटून जातात की चिमीने घाबरून पाय वर घेतले. पुढे टेमर नदीवर ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरचा १८५९ सालचा लोखंडी पूल लागतो आणि तो ओलांडला की कॉर्नवॉल सुरू. प्रवासाचं एवढंच.

हेलमध्ये पॅराडाइज पार्क म्हणून एक जागा आहे. (स्वर्ग म्हणे हेलमध्ये! तुमच्या जावयांनी हा विनोद दिवसभरात चार वेळा केला. चौथ्या वेळी तिकीट तपासणाऱ्या मुलीला सांगितला. तिने तो चारशे वेळा ऐकला असावा.) नाव भपकेबाज असलं तरी जागा आटोपशीर आहे. जुनं व्हिक्टोरियन घर, त्याची बाग, बागेत पक्ष्यांची मोठी मोठी जाळीघरं, आणि एका कोपऱ्यात मुलांसाठी शेळ्यामेंढ्यांचं छोटं फार्म. माइक रेनॉल्ड्स नावाच्या माणसाने ती १९७३ साली सुरू केली. हा गृहस्थ लंडनमध्ये जाहिराती करायचा. चॉकलेटच्या जाहिरातीतला तो चष्मेवाला ‘मिल्कीबार किड’ त्याच्याच डोक्यातून निघाला. मग पक्ष्यांचा नाद लागला आणि सगळं सोडून तो इथे आला. पुढे १९८९ मध्ये त्याने जगभरच्या पोपटांसाठी वर्ल्ड पॅरट ट्रस्ट ही संस्था काढली. आई, तू अण्णांना नेहमी म्हणतेस ना, नाद करावा पण घर बुडवू नये. तर याने नाद केला आणि त्यावर घरही चालवलं.

आत शिरल्या शिरल्या चिमीला लॉरिकीट सापडले. ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट, निळं डोकं, केशरी छाती, हिरवे पंख, होळीतून उठून आल्यासारखे. इवल्याशा पेल्यात गोड पाणी घेऊन उभं राहिलं की ते सरळ मनगटावर येऊन बसतात. हे पोपट दाणे फोडत नाहीत, फुलातला मध पितात, आणि त्यासाठी त्यांच्या जिभेच्या टोकाला रंगाच्या ब्रशासारखे केस असतात. चिमीच्या बोटावर सांडलेलं पाणी एकाने चाटलं तेव्हा ती किंचाळली नाही, श्वास रोखून उभी राहिली. सात वर्षांत मी तिला इतकी गप्प कधी पाहिली नव्हती.

मला मात्र तिथे आजीचा मिठू आठवला. ओसरीवरचा तो गोल पिंजरा, त्यात एकच दांडी, आणि “विठ्ठल विठ्ठल” म्हटलं की मिळणारी मिरची. आपण त्याचे किती लाड करायचो, आणि त्याला कधी पंख पूर्ण उघडता आले असतील का हे कुणाच्या मनातही आलं नाही. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तसा पोपट पाळणं गुन्हा आहे, पण तेव्हा घरोघरी असायचेच. गंमत बघा, तोच आपला लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला पोपट आज लंडनच्या बागांमध्ये थव्याने मोकळा हिंडतो. कधीतरी पिंजऱ्यातून सुटलेल्या, सोडलेल्या पक्ष्यांची ती पिलावळ. थंडीबिंडी काही मानत नाही. मिठूचे भाऊबंद क्यूच्या बागेत आरडाओरडा करताना दिसले की मला का कोण जाणे, हलकं वाटतं.

पेंग्विनबद्दल फार लिहीत नाही. ते हम्बोल्ट जातीचे, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत आहेत तेच. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे असल्यामुळे त्यांचा बर्फाशी काही संबंध नाही. हे ऐकून चिमीचा थोडा हिरमोड झाला.

आता आईचा विषय, गोठा. फार्मवर शेळ्या, मेंढ्या, दोन गाढवं, ससे. माणसं आपापल्या मुलांना शेळी म्हणजे काय ते समजावून सांगत होती आणि मी मनातल्या मनात हसत होते. हातावर खाणं घेऊन तळवा सपाट धरायचा, बोटं वाकवायची नाहीत, असं तिथल्या मुलीने शिकवलं. तू मला हे चार वर्षांची असताना शिकवलं होतंस, एक धपाटा घालून. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे चावत नाही, नुसत्या ओठांनी गुदगुल्या करते. चिमी खिदळत सुटली. तेवढ्यात दुसऱ्या शेळीने मागून जावईबापूंच्या खिशातला बागेचा नकाशा ओढला आणि शांतपणे खाल्ला. त्यानंतर आम्ही बाग नकाशाशिवाय पाहिली आणि गाढवांपाशी तीनदा पोचलो.

बाहेर पडताना साबणाने हात धुवायला लावतात, आणि ते बरोबरच आहे. ते बाटलीतलं जेल जनावरांच्या मळाला पुरत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. हे तुला पटेल. मुंबईच्या मामींना मात्र सांगून बघ.

आणि आता अण्णांचा राजा.

नकाशा शेळीच्या पोटात असल्यामुळे फिरता फिरता आम्ही एका जाळीघरापाशी आलो. आत कावळे. मी पुढे निघाले होते, चिमी थांबली. “आई, या कावळ्याने लिपस्टिक लावलीय.” खरंच, आपल्या कावळ्याएवढाच, काळाकुळकुळीत, पण चोच लांब, वाकडी आणि लालभडक, पायही तसेच लाल. याला इथे चफ म्हणतात. कॉर्नवॉलच्या जुन्या भाषेत त्याचं नाव आहे ‘पलोरेस’, म्हणजे खणणारा. इथली दंतकथा अशी की आर्थर राजा मेला तेव्हा त्याचा जीव या पक्ष्यात शिरला, आणि चोच नि पाय लाल आहेत ते शेवटच्या लढाईतल्या रक्ताने. म्हणून चफला मारणं अशुभ समजत. हे वाचून मी थबकलेच. माणूस गेला की कावळ्याकडे डोळे लावून बसणारे आपण एकटे नाही तर.

पण इतका मान असूनही तो इथून नाहीसा झाला. कॉर्नवॉलमध्ये शेवटची पिल्लं वाढली ती १९४७ साली. मग उरली एक जोडी. १९६७ मध्ये त्यातला एक मेला. दुसरा त्या कड्यांवर एकटाच उडत राहिला, सहा वर्षं, आणि १९७३ मध्ये तोही गेला. त्याच वर्षी ही बाग उघडली. मला तो मधला सहा वर्षांचा काळ डोक्यातून जाईना. हाक मारत असेल का तो? कुणाला?

१९८७ पासून या बागेने चफ वाढवायचं काम हाती घेतलं, पुन्हा कड्यांवर सोडायचे म्हणून. हे वेळखाऊ काम, पक्षी नाजूक, जोड्या जमवायच्या, पिल्लं जगवायची. आणि २००१ साली काय झालं असेल? कॉर्नवॉलच्याच लिझर्ड नावाच्या टोकाला तीन रानटी चफ आपणहून येऊन उतरले. ना आमंत्रण, ना निरोप. पुढे पिसांच्या तपासणीतून ते बहुधा आयर्लंडहून समुद्र ओलांडून आले असावेत असं निघालं. इथे चौदा वर्षं मांडव घालणं चाललंय आणि पाहुणे मागच्या दाराने येऊन पाटावर बसले! २००२ मध्ये एका जोडीने घरटं केलं, तेव्हा अंडी चोरणाऱ्यांच्या भीतीने लोकांनी दिवसरात्र पहारा दिला. बागेतल्या पिल्लांचं कामही वाया गेलं नाही. २०१३ पासून ती जर्सी बेटावर सोडली, २०२२ मध्ये केंटच्या कड्यांवर.

एवढं ऐकल्यावर जाळीतला चफ बघून कोणाचं समाधान होणार? दुसऱ्या दिवशी भाड्याची मोटार घेऊन लिझर्डला गेलो. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं हे दक्षिणेकडचं अखेरचं टोक. वारा असा की चिमीला हाताला धरून चालावं लागलं. आणि कड्यावर, अण्णा, चक्क गुरं चरत होती. कड्यापासून दहा पावलांवर! मला वाटलं कोणाची तरी सुटलीत.

दुर्बीण गळ्यात अडकवलेल्या एक आजीबाई तिथे उभ्या होत्या, पक्ष्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. पूर्वी शेतकरी गुरं, तट्टं, मेंढ्या या कड्यांवरच चारत. मग चराई आत सपाटीवर गेली आणि कड्यांवर गवत, काटेरी झुडपं माजली. चफला मातीत चोच खुपसून अळ्या काढायच्या असतात, उंच गवतात त्याला मातीच दिसेना. शिकार, पकडापकडी, अंडी चोरणं, हे सगळं होतंच, पण खायलाच नाही म्हटल्यावर तो राहणार कशावर? म्हणून आता गुरं मुद्दाम पुन्हा कड्यांवर आणली आहेत. ती गवत खुरटं ठेवतात आणि शेण टाकतात. शेणात भुंगेरे, भुंगेऱ्यांच्या अळ्या, आणि त्या अळ्यांवर चफ. गुरांना जंताचं औषध द्यायचं तर तेही विचार करून, कारण काही औषधं शेणात उतरतात आणि किडेच मरतात.

आई, मी ऐकत होते आणि मला आपल्या गाईंच्या पायांत घुटमळणारे गायबगळे दिसत होते. आदल्या दिवशी मी पक्षी एकीकडे आणि जनावरं दुसरीकडे अशी बाग पाहिली होती, मधे कुंपण. इथे कळलं की ते एकच दुकान आहे.

चिमीला मात्र यातली एकच गोष्ट पोचली. “म्हणजे राजा शेण खातो?”

यावर तिच्या बाबांना असं हसू फुटलं की ते खालीच बसले. मी तिला समजावायला गेले की शेण खाणं असं आपण दुसऱ्याच अर्थाने म्हणतो. मग तो अर्थ सांगावा लागला, आणि मग “बाबांनी कधी शेण खाल्लंय का” हा पुढचा प्रश्न आला. त्या आजीबाईंना मराठीचा गंध नव्हता, पण त्याही हसत होत्या.

तासभर काही दिसलं नाही. चिमी कंटाळली, तिला वाऱ्याने रडू यायला लागलं. आम्ही वळलो, आणि मागून आवाज आला, “चिआव्!” काव काव नाही, जास्त तीक्ष्ण, लाडिक. दोन पक्षी कड्याखालून वर उसळले, पंखांची टोकं बोटांसारखी पसरलेली, आणि वाऱ्यात अक्षरशः कोलांटी मारून गुरांच्या पलीकडे उतरले. दहा सेकंदही नसतील. एकाने शेणाच्या पोवात चोच खुपसली. राजा जेवायला बसला.

फोटो नाही मिळाला. जावईबापूंकडे जो आहे त्यात एका गाईचं ढुंगण छान आलं आहे.

काल सेंट आइव्सला गेलो होतो. तिथे एका समुद्री कुरवाने चिमीच्या हातातली भाजीची पेस्टी (म्हणजे करंजीची थोरली बहीण) भर रस्त्यात पळवली. हे चोर इथे सगळीकडे आहेत, लोक त्यांना शिव्या घालतात, आणि तरी देशभरात त्यांची संख्या इतकी घटली आहे की धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत त्यांचं नाव आहे. चिमीला हे सांगितलं तर म्हणाली, “मग त्याला दुसरी पण दे.” दिली नाही. मी घेतली ती मीच खाल्ली, भिंतीला पाठ लावून.

परवा परत निघतोय. चिमीने तुम्हाला चफचं चित्र काढलंय, ते सोबत घातलं आहे. मुकुट तिच्या मनचा, शेण मात्र अगदी हुबेहूब.

अण्णा, एक काम आहे. तुम्ही निवृत्त झाल्यावर लडाखला गेला होतात, त्या अल्बममध्ये मठाच्या भिंतीवर बसलेल्या काळ्या पक्ष्यांचा एक फोटो आहे. “तिकडचे कावळे” असं तुम्ही खाली लिहिलंय. चफ हिमालयातही असतात, दोन प्रकारचे. चोच पिवळी असेल तर ते वेगळे. लाल आणि लांब असेल तर हाच. जरा भिंग घेऊन बघा आणि कळवा. चिमी रोज विचारते आहे.

तुमची,
धाकटी