‘घोडा बघायला आता कोण येतंय?’

निपाणी, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

इतके महिने कुठे मेला होतास, हे तू विचारायच्या आधीच सांगतो: इथेच होतो. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच, बाकी ठीक. आता मुद्द्यावर येतो, कारण हे घरात कुणाला सांगून उपयोग नाही आणि पश्याला सांगितलं तर तो आधी जेवायला काय आहे ते विचारेल.

मला घोड्यांवर बोलायला बोलावलंय. हसून घे. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या जनावरांच्या डॉक्टरांचं एक दिवसाचं प्रशिक्षण आहे. पुण्याकडचा तो घोड्यांचा कोर्स या बाजूला मीच केलेला, म्हणून वक्ता मी. विषय वरूनच छापून आलाय: ‘अश्व शस्त्रक्रियेतील अद्ययावत तंत्रे’. बंगळूरला हेब्बाळच्या हॉस्टेलवर तू मला काय म्हणाला होतास? “ट्रॅक्टर आले, घोडे गेले. घोडा बघायला आता कोण येतंय? म्हैस शिक, म्हैस.” मी म्हैस शिकलो. आणि तू लेका विलायतेत न्यूमार्केटला शेखांच्या घोड्यांचे पाय तपासतोयस. या अन्यायाबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही, हे मध्येच नोंदवून ठेवतो.

संयोजकांना हवेत फोटो. घोडा क्रेनला टांगलाय, टेबलावर उताणा झोपवलाय, पोट मधोमध उघडलंय, भिंतींना गाद्या लावलेली ती शुद्धीवर आणायची खोली. कोर्सचे ते सगळे माझ्याकडे आहेत. ते लावले की हॉल गप्प होईल, टाळ्या पडतील, जेवणात जिलेबी असेल, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या दवाखान्यात जाऊन गाभण तपासणीला लागतील. चिकोडीत कुणाच्या दवाखान्यात आहे गॅसची भूल? गाय आपण उभ्या उभ्या डाव्या कुशीत बधीर करून उघडतो, ती रवंथ करत बघत असते. घोड्याचं तसं नाही हे मी तुला काय सांगायचं. पोटाच्या कळेची ऑपरेशनं सोडली तरी भुलेपायी शंभरात जवळपास एक घोडा जातो, असं त्या 2002 च्या मोठ्या पाहणीत आलंय. आणि तीत बहुतेक सोयी असलेली इस्पितळं होती, आमच्यासारखे पत्र्याचे शेड नव्हते.

हे डोक्यात घोळत असतानाच गळतग्याच्या बाजूची ती घोडी आली. म्हणजे ती कुठली येणार, मीच गेलो. शर्यतीच्या गाडीची, लाल, कपाळावर चांद. तू पाहिली असतीस तर हात फिरवल्याशिवाय राहिला नसतास. दुपारपासून पोटात कळ. आधी गावच्या जाणत्यानं बाटलीनं गोडं तेल पाजलेलं, त्यातलं अर्धं नाकातून बाहेर. मी पोचलो तेव्हा पुढच्या टापेनं जमीन उकरून उकरून गुडघाभर खड्डा केला होता. हिरड्या विटकरी, ठोके ऐंशीच्या वर. पोटाला चारी बाजूंनी स्टेथोस्कोप लावून ऐकलं, आतड्याचा आवाज कुठंच नाही. पहिलं काम स्टमक ट्यूब. नाकाच्या तळानं, मान खाली वाकवून, तिनं गिळेपर्यंत थांबून. मानेच्या डाव्या बाजूला ट्यूब सरकताना दिसली तेव्हा, खरं सांगतो, एवढ्या गडबडीतही मला बरं वाटलं. हे आपल्याला चौथ्या वर्षाला कुणी नीट करू दिलं नव्हतं. तू पुढे घुसून केलंस आणि मी बादली धरून उभा होतो, तेही माझ्या लक्षात आहे.

मग रेक्टल, म्हणजे गुदद्वारातून हात घालून तपासणी. हात कोपरापर्यंतही गेला नाही, तोवर फुगलेलं मोठं आतडं आडवं, ताणलेले पट्टे बोटाला तारेसारखे लागले. दुखण्यावर फ्लुनिक्सिन दिलं, गुंगीसाठी झायलाझिन दिलं, वीस मिनिटांत पुन्हा लोळायला लागली. तुला पुढचं सांगायला नको. आतड्याला पीळ. ऑपरेशन पुण्या-मुंबईला किंवा बंगळूरला, आणि जवळचं पुणं म्हटलं तरी पिकअपमध्ये घोडी घालून सहा तास. तेवढ्यात आतडं काळं पडतं.

आधी अशी घोडी मेली की आम्ही म्हणायचो, “पोट धरलं, गेली.” मालकही म्हणायचा, देवाची मर्जी. आता मला नेमकं माहीत होतं ती कशानं मरतेय आणि किती वेळात. मालक माझ्याकडे बघत म्हणतो, “डॉक्टर, वात असंल तर उतरंल की?” त्या कोर्सात पीळ कसा उलगडायचा यावर दीड तास होता रे. या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं यावर एक मिनिटही नाही. मी सांगितलं, सरळ सांगितलं. पुण्याचा खर्चही सांगितला. उसाचं बिल अजून यायचं होतं, पण बिल येऊन तरी काय झालं असतं. त्यानं अर्धा तास घोडीच्या अयाळीतली काडी-काडी काढली, भावाशी बोलला, मग म्हणाला, “तुमी म्हंताय तर करा, पण पोरं उठायच्या आत.” भुलेचं थायोपेंटोन माझ्याकडे होतं, तिला कायमचं झोपवायला पुरेसं झालं. फी घेतली नाही, त्यानं जबरदस्तीनं गुळाची ढेप गाडीत टाकली.

आता माझ्या डोक्यात जे प्रशिक्षण आहे ते असं. सकाळी फक्त ट्यूब. घोड्याला उलटी होत नाही, पोट फुटतं, म्हणून औषधाआधी ट्यूब. बाटलीनं तेल पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. मग झायलाझिन, कारण आपले लोक गाईच्या डोसानं घोड्याला देतात आणि लाथ खाऊन येतात. गाईच्या जवळजवळ दहा पट लागतं. आणि उलटं, घोड्याच्या मापानं गाईला दिलं तर काय, ते मी रंगवून सांगणार आहे. मग मोनेन्सिन, कोंबडीच्या खाद्यात घालतात ते औषध. कोंबडीचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून घोड्याच्या चंदीत मिसळणारे इथे आहेत, आणि ते पोल्ट्रीला चालतं, घोड्याचं हृदय मारतं. धनुर्वाताची लस, कारण खच्चीकरणानंतर ताठ झालेला घोडा कुणी बघितला नाही असा डॉक्टर इथे सापडायचा नाही. मेंढक्यांच्या तट्टांच्या पाठी: बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं सगळं त्या पाठीवर, आणि खाली मुठीएवढी जखम. ग्लँडर्स, घोड्यांचा तो संसर्गजन्य रोग, घ्यायचा आहे, पण जपून. नमुना हिसारच्या प्रयोगशाळेला जातो, पॉझिटिव्ह आला तर जनावरांच्या साथरोगांच्या 2009 च्या कायद्यानं घोडा मारावा लागतो, आणि वरातीच्या घोडीवाल्याला हे कळलं की तो आधी घोडी लपवतो, मग डॉक्टरचा फोन उचलत नाही.

आणि दुपारी, जेवणानंतर, लोक पेंगत असताना, कधी थांबायचं ते. ठोके, हिरड्या, रेक्टल, दुखणं औषधाला दाद देतंय की नाही, एवढ्यावरून पाठवायचं की नाही हे तासाभरात कसं ठरवायचं. आणि मालकाला काय शब्दांत सांगायचं. मी संयोजकांना फोनवर एवढंच बोललो तर पलीकडून शांतता. मग: “सर, हे बेसिक झालं. लोकांना काहीतरी नवीन हवंय.” बेसिक! यांच्यातल्या किती जणांनी घोड्याच्या नाकात ट्यूब घातलीय ते मी हात वर करायला लावून विचारणार आहे. अर्थात कानडीतून. माझी कानडी बायकोच्या मामाला हसू आणते, तो एक वेगळाच दंगा होणार.

तुला वर्षाला पस्तीस तास शिकल्याचा हिशेब तिकडच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या संस्थेला, तुमच्या रॉयल कॉलेजला द्यावा लागतो ना? ते तुझे तास कशावर जातात ते मला लिही. नुसत्या ऑपरेशनवर जातात, की मालकाशी बोलण्यावरही काही असतं? असेल तर मला पाठव. इथे म्हणतील ‘बेसिक’, तेव्हा तुमच्या कॉलेजचं नाव सांगून मी तोंडं बंद करीन. तुझं नाव सांगणार नाही, तुला इथले अजून ‘म्हैसवाला’ म्हणूनच ओळखतात.

वहिनींची नोकरी लागली का? धाकटीचं शाळेचं काय झालं? तुझ्या पाठीचं? पावसाळ्यात येतोयस असं आई सगळ्यांना सांगत सुटलीय, खरं की खोटं तेवढं कळव.

प्रशिक्षण पुढच्या महिन्यात आहे. तिकडे वापरून जुनी झालेली, चांगल्या मऊ रबराची एखादी ट्यूब असेल तर येणाऱ्या कुणाबरोबर पाठव. इथे मिळते ती उन्हात ठेवल्यासारखी ताठ, नाकातून रक्तच काढते. आणि पश्याला तू परस्पर पैसे दिलेस की नाही? तो म्हणतो नाही, मी म्हणतो दिले असणार. माझं खोटं पाडू नकोस.

तुझाच,
बापू