ग्रंथालय सॉफ्टवेअरच्या सुगम्यता अहवालाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : निविदेसोबत दिलेला सुगम्यता अहवाल प्रत्यक्षाशी जुळत नसल्याबाबत.

महोदय,

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी आपले सॉफ्टवेअर घेताना आपण जोडलेल्या सुगम्यता अहवालाला, म्हणजे दिव्यांगांना ते कितपत वापरता येते हे सांगणाऱ्या अहवालाला, आम्ही बरेच वजन दिले होते. देवघेव काउंटरवरचे आमचे सहायक दृष्टिहीन आहेत. संगणकावरचे सगळे काम ते एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचे वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, करतात. म्हणूनच खरेदी समितीने व्हीपॅट या सुगम्यता अहवालाच्या ठरीव नमुन्यातला अहवाल मागवला. दुसऱ्या एका कंपनीने आपल्या अहवालात बऱ्याच ओळींपुढे ‘पार्शली सपोर्ट्स’ (अंशतः चालते) लिहून काय चालत नाही तेही नोंदवले होते. आपल्या अहवालात जवळपास सगळीकडे ‘सपोर्ट्स’ (चालते). साहजिकच गुण आपल्याला जास्त मिळाले. खरे लिहिणारा मागे पडला, ही बोच मला आजही आहे.

आता प्रत्यक्षातले सांगते. पुस्तक देणे, परत घेणे, मुदत वाढवणे आणि दंड, या चारही चित्रबटणांना आतून नावच दिलेले नाही. टॅब दाबत गेले की कानावर नुसते ‘बटण, बटण, बटण, बटण’ पडते. परतीच्या तारखेचे कॅलेंडर कळफलकाने उघडतच नाही. परिग्रहण क्रमांक (पुस्तकाचा ग्रंथालयातला नोंदणी क्रमांक) चुकला तर चौकट लाल होते, पण स्क्रीन रीडर गप्प. जुन्या सॉफ्टवेअरवर जे काम आमचे सहायक एकहाती करत, त्यासाठी आता रांग खोळंबवून शिपाईदादांना तारखेवर क्लिक करायला बोलवावे लागते.

हे सगळे डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या १.१.१, २.१.१, ३.३.१ आणि ४.१.२ या निकषांत येते. चारही ओळींत आपण ‘सपोर्ट्स’ लिहिले आहे आणि शेऱ्याचा रकाना कोरा आहे. अहवालावरची आवृत्ती जुनी, आम्हाला बसवून दिलेली नवी. तपासणीच्या पद्धतीपुढे ‘उत्पादनाच्या सर्वसाधारण माहितीवरून’ एवढेच. कोणता स्क्रीन रीडर, कोणता ब्राउझर, पत्ता नाही. कहर म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतल्या फरकाच्या १.४.३ या निकषापुढे ‘नॉट इव्हॅल्युएटेड’ (तपासले नाही) आहे. हा निकष एए या मधल्या पातळीचा, आणि ते उत्तर फक्त एएए या सर्वांत वरच्या पातळीच्या निकषांना चालते, हे नमुन्याच्या सूचनांतच छापलेले आहे.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितले की व्हीपॅट ऐच्छिक असतो आणि ‘ते सगळे अमेरिकेतल्या सरकारी खरेदीसाठी’ असते. नमुना तिथल्या सरकारी तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दलच्या कलम ५०८ साठी निघाला हे मान्य. पण एकदा निविदेला जोडला की त्यातला शब्द न् शब्द आपल्यावर बंधनकारक आहे, असे आम्ही धरतो. शिवाय भारतातही आयएस १७८०२ हे माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे मानक आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने ते दिव्यांग हक्क नियमांत घेतले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे कलम ४६ सेवा पुरवठादार सरकारी की खासगी, असा भेद करत नाही.

आमच्याकडे बसवलेल्या आवृत्तीचा नवा अहवाल तीस दिवसांत द्यावा. तो एनव्हीडीए आणि नुसत्या कळफलकावर तपासलेला असावा, आणि जे चालत नाही त्यापुढे दुरुस्तीची तारीख असावी. ‘पार्शली सपोर्ट्स’ लिहायला संकोच करू नये, आम्ही त्यावर निभावून नेऊ. वर लिहिलेली चार बटणे आणि कॅलेंडर मात्र त्याआधी दुरुस्त व्हायला हवेत. तोवर वार्षिक देखभालीचा हप्ता थांबवण्यास मा. प्राचार्यांनी मान्यता दिली आहे. मुदतीत काही झाले नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करू.

दुरुस्तीनंतर आपल्या अभियंत्यांना आमच्या काउंटरवर पाठवावे. माऊस काढून, पडदा बंद करून त्यांनी आमच्यासमोर एक पुस्तक देऊन परत घेऊन दाखवले, की काम पूर्ण झाल्याची सही मी त्याच दिवशी करेन.

आपली,
ग्रंथपाल

सोबत : अहवालाची प्रत, स्क्रीन रीडरचे ध्वनिमुद्रण
प्रत माहितीसाठी : मा. प्राचार्य; खरेदी समिती