अंकुश मोजून जात ठरत नाही

संपादक महोदय,

गोड्या पाण्यातील माशांवरचे चपटे कृमी केवळ अंकुशांच्या, म्हणजे माशाला धरून राहण्याच्या आकड्यांच्या, मोजमापावरून नवी जात म्हणून जाहीर करण्याची घाई थांबायला हवी. जायरोडॅक्टिलस या अशाच कृमींच्या गटाचे अंकुश थंड पाण्यात मोठे भरतात, उबदार पाण्यात लहान. एका जातीच्या दोन होतात त्या इथेच. नमुना फॉर्मालिनमध्ये ठेवला की डीएनए खराब होतो, मग नाते तपासायचे कशावरून? 95 टक्के इथेनॉल वापरा. कृमी जेमतेम अर्धा मिलिमीटर, तरी कापता येतो: अंकुश असलेला मागचा भाग मोजमापासाठी काचपट्टीवर, उरलेला डीएनएसाठी. एकट्या 18एस जनुकावर विसंबू नका, जवळच्या जातींत ते जवळपास सारखेच असते. आयटीएस आणि सीओआय हे डीएनएचे अधिक वेगाने बदलणारे भाग जोडीला तपासा. माशाची जातही अचूक नोंदवा. हे कृमी यजमान, म्हणजे ज्यावर जगतात तो मासा, बदलतात, म्हणून माशांचा वंशवृक्ष त्यांच्यावर लादता येत नाही.

– मत्स्यपरजीवींचे अभ्यासक