काळी पट्टी मारा, फाइल नाकारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्यातले व्यक्तिगत माहिती नाकारण्याचे कलम ८(१)(ञ) फारच आखूड झाले आहे. 'विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही' हे परंतुक त्यातून गेले. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत 'व्यक्तिगत माहिती, देता येत नाही' असा एका ओळीचा नकार त्यामुळे आयता हाती आला. पण कलम ८(२) शाबूत आहे, जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. कलम १० ही शाबूत आहे: देता येत नाही तेवढाच भाग झाकायचा, उरलेला द्यायचा.

कर्मचाऱ्याच्या प्रवासभत्त्याच्या देयकातल्या तारखा, ठिकाणे, रक्कम द्या. बँक खाते, आधार, पॅन, घरचा पत्ता झाका. रजेच्या तारखा द्या, डॉक्टरचा दाखला नको. पट्टी मूळ कागदावर नव्हे, झेरॉक्सवर मारायची आणि त्याची पुन्हा झेरॉक्स द्यायची. पहिलीच प्रत दिली तर उजेडात धरून आकडे वाचता येतात. पगार तर कलम ४ नुसार कार्यालयानेच जाहीर करायचा असतो, तो मागायची वेळच येऊ नये.

निवडून आलेल्या सदस्यांचे थोडे निराळे. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली तर ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरतो. तेव्हा गावाने जन्मनोंद मागणे म्हणजे चौकशीखोरपणा नाही. बाळाचे नाव झाकावे, आईवडिलांची नावे आणि जन्मतारीख द्यावी. संबंधिताला कलम ११ ची नोटीस पाच दिवसांत जाते, त्याला दहा दिवस मिळतात. त्याची हरकत विचारात घ्यायची असते. ती आली म्हणून अर्ज निकाली निघत नाही.

चूक अर्जदारांचीही होते. 'अमुक ग्रामसेवकाची संपूर्ण माहिती द्या' हा अर्ज फेटाळलाच जाणार, आणि कधी कधी त्यामागे जुना हिशेब चुकता करण्याचाच हेतू असतो. माणूस मागू नका, काम मागा: अमुक गटारीची मोजमाप पुस्तिका, देयक, प्रमाणके. अर्जात एकच विषय, दीडशे शब्द, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट. त्याआधी सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल पाहून पाने टिपून ठेवलीत तर अर्ज नेमका होतो.

नकार आलाच तर ३० दिवसांत पहिले अपील. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर आहे (कलम १९(५)), हे अपिलात लिहाच. आमच्याकडचे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जाते, आणि धडगाव-अक्कलकुव्याहून नाशिक जवळ नाही.

– एक वाचक, अमळनेर